भाकरी सांगायची वेळ

मंजुळाबाईंनी कोळशाचा तुकडा भिंतीला टेकवला आणि खिडकीकडे न बघताच विचारलं,

"किती वं?"

"उपास हाये मावशी आज."

कोळसा भिंतीवरून निघाला. आवाज कोकिळाचा होता, हे बघायची गरजच नव्हती. मंजुळाबाई पिठाच्या हातानं पदर सावरत उठल्या आणि मागच्या रांगेतल्या पोरींना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या,

"पाह्या, याले म्हंते सत्व! सोमवार झाला, गुरुवार झाला, आज शनवार. नाई तं तुम्ही! आठ वाजले नाई का तुमच्या पोटात कावळे वरडाले लागते."

रांगेत खसखस पिकली. कोकिळानं मान खाली घातली, पण तिच्या गालावर जरासा रंग चढला, तो मंजुळाबाईंनी पाहिला आणि त्यांना मोठं बरं वाटलं. मग पुढची पोरगी खिडकीशी आली आणि म्हणाली, "दोन." भिंतीवर दोन रेघा पडल्या.

अध्यापिका विद्यालयाच्या बोर्डिंगात रोज सकाळी अशी भाकरी सांगायची वेळ असे. अडतीस पोरी, दोन वर्षांचं ट्रेनिंग, मग कुठल्या तरी खेड्यातल्या शाळेवर मास्तरीण. कुणी धामणगाव बढ्याची, कुणी सुलतानपूरची, कुणी अशा गावची की जिथं एस्टी आठवड्याच्या बाजारालाच जाते. प्रत्येकीनं खिडकीशी येऊन आपला आकडा सांगायचा आणि मंजुळाबाईंनी भिंतीवर तेवढ्या रेघा ओढायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण बारा वर्षांत त्यांची भाकरी कधी कमी पडली नाही की वायाही गेली नाही. आणि त्या साली तर वाया घालवून चालणारच नव्हतं. पिकानं दगा दिला होता. रेशनवर ती परदेशातली लाल ज्वारी, मिलो, यायचा, त्याच्या भाकरीला धड चव नाही की चिकटपणा नाही. थापता थापता हातातच तुटायची. सोमवारी रात्रीचं जेवण सोडा, अशी हाक दिल्लीहून आली होती आणि बोर्डिंगानंही ती मानली होती. सोमवारी संध्याकाळी चूल पेटतच नसे.

अशा साली चार-चार दिवस उपास धरणारी पोरगी म्हणजे देवाचीही आणि देशाचीही. मंजुळाबाईंनी हे आपण होऊन मोठ्या बाईंच्या कानावर घातलं होतं. मोठ्या बाई म्हणजे प्राचार्या विमलबाई, शिस्तीच्या, खादीच्या पांढऱ्या पातळातल्या. त्यांनी एके दिवशी प्रार्थनेनंतर कोकिळाचं नाव घेतलं, सगळ्यांसमोर. म्हणाल्या, धान्याच्या एकेका दाण्याची किंमत या मुलीला कळली आहे. बाकीच्या सदतीस जणींनी टाळ्या वाजवल्या, मंजुळाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून वाजवल्या. त्यानंतर पोरींत उपासाची जणू साथच आली. कौशल्या नावाची धामणगाव बढ्याची एक पोरगी होती, तुरीची काडी बरी इतकी बारीक, तिनंही गुरुवार धरला. माघ लागेस्तोवर कुठल्याही दिवशी सात-आठ जणी खिडकीशी येऊन "उपास" म्हणू लागल्या होत्या.

मंजुळाबाईंची छाती फुगली होती, खोटं कशाला बोलायचं? आपल्या हाताखालच्या पोरी धर्माला लागल्या, असं त्या पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत.

एकच गोष्ट त्यांना अधूनमधून चुटपूट लावी. कोकिळा जूनमध्ये आली तेव्हा दुपारी कॉलेज सुटलं की वह्यांसकट थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. उंच, रुंद खांद्यांची पोरगी; दारातला उजेड निम्मा अडायचा. आणि मोकळ्या आवाजात म्हणायची,

"मावशी, भूक लागली."

बारा वर्षांत इतक्या पोरी आल्या-गेल्या, पण इतक्या उघडपणे भूक सांगणारी एकही नव्हती. सकाळी खिडकीशी ती "तीन" म्हणायची आणि तीन खायची. बोर्डिंगाची विहीर खोल. दुसऱ्या पोरी दोघी-दोघी मिळून पोहरा ओढायच्या, कोकिळा एकटी ओढायची आणि वर दोन लहानखुऱ्या पोरींच्या घागरीही भरून द्यायची. दसऱ्यानंतर केव्हा तरी त्या तिनाचे दोन झाले, दोनाचे दीड झाले, मग उपास आले. दुपारी दारात उभं राहणंही बंद झालं. अभ्यास वाढला असेल, असं मंजुळाबाईंनी मनाला समजावलं.

माघाच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरबीडहून कोकिळाचे वडील आले. उकंडराव त्यांचं नाव. डोक्याला मुंडासं, खांद्यावर हुरड्याचं गाठोडं. मंजुळाबाई पडवीत मिलोतले खडे निवडत बसल्या होत्या. पोरगी विहिरीवर होती, त्यांच्याकडे पाठ करून. दोर ती हात हात ओढत होती आणि मधेच थांबून दम घेत होती. उकंडराव फाटकातून आत आले, विहिरीजवळ थांबले आणि अदबीनं म्हणाले,

"ओ बाई, जरा आमच्या कोकिळाले हाक मारता का? दुसरबीडहून बाप आला म्हना."

दोर थांबला. पोरगी वळली.

"बाबा, मीच हावो."

उकंडराव पाहतच राहिले. मग एकदम मोठ्यानं हसले. "डोयावर ऊन आलं माह्या! आता म्हाताराच झालो म्हना ना मी." पण ते हसणं मधेच आटलं. त्यांनी गाठोडं कठड्यावर ठेवलं, लेकीच्या हातातला दोर घेतला आणि पोहरा स्वतःच वर ओढून काढला. तिनं घागर उचलली आणि ती आत गेल्यावर ते पडवीशी आले.

"बाई, पोरगी बिमार होती का? चिठ्ठी तं काई नाई आली."

"बिमार व्हईन तुमचा दुश्मन," मंजुळाबाई ठसक्यात म्हणाल्या. "देवाचं करून राह्यली पोरगी. सोमवार, गुरुवार, शनवार, वरून चतुर्थी. अशी लेक पाह्यली नाई म्या."

"कोकिळा? उपास?" उकंडरावांना खरोखरच कळेना. "ओ बाई, एकादशीले हिची माय हिच्यापासून भगर लपून ठेवे. पोराईच्या आधी हेच खाऊन टाके सारी. म्हने, देवाले उपाशी लेकरं आवडत असते तं देवानं पोट कायले देल्लं असतं?"

मंजुळाबाई हसल्या. हसता हसता त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

एस्टीची वेळ झाली तसे उकंडराव उठले. फाटकापर्यंत गेले आणि पुन्हा मागे आले. हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"म्या पुरी पोरगी आनून सोडली होती बाई."

एवढंच बोलले आणि गेले. बारा वर्षांत मंजुळाबाईंना कुणी असं बोललं नव्हतं, आणि बोलायला जागाही कुणाला सापडली नव्हती.

दुपारी पोरी दुसऱ्या दिवशीच्या पाठांची तयारी करत बसल्या होत्या. मंजुळाबाईंनी कोकिळाला मेथी निवडायला म्हणून आत बोलावलं आणि समोर पाट दिला. त्यांनी आज पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पोलकं काखेत टाचणी लावून आवळलं होतं. गालफडं वर आली होती. पोरगी मेथीची काडी मोडायची आणि मधेच उजव्या हाताचा अंगठा नि बोट डाव्या मनगटाभोवती लावून बघायची. बोटं जुळतात की नाही ते. तिला स्वतःलाही कळत नव्हतं ती काय करते ते.

"शनवार कोन्या देवाचा वं तुह्या?"

"मारुतीचा."

"आन् गुरुवार?"

"दत्ताचा."

"आन् बापानं खांद्यावर आनलेला हुरडा साऱ्या बोर्डिंगाले वाटला, त्यातला एक दाना तोंडात घातला नाई, तो कोन्या देवाचा?"

कोकिळानं हातातली जुडी संपवली, दुसरी सोडली. मग ती उठली, खोलीत गेली आणि एक वही घेऊन आली. पाठाची वही. प्रत्येक पोरीला महिन्यातून दोनदा खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यावा लागे आणि मागे बसलेल्या बाई त्या वहीत शेरा लिहीत. कोकिळानं एक पान उघडून पुढे केलं.

"मले कायले दाखवतं? वाच तूच."

पोरगी वाचू लागली. आवाज परीक्षेतल्यासारखा सपाट काढला होता. "'विषयाची तयारी चांगली. आवाज खणखणीत. शिक्षिकेच्या देहामुळे फळ्याचा बराच भाग झाकला गेला व मागील विद्यार्थ्यांना लेखन दिसले नाही. शिक्षिकेने या बाबीकडे लक्ष द्यावे.'"

"कोनं लिह्यलं?"

"मोठ्या बाईनं. दसऱ्याच्या आधी." थोडं थांबून ती म्हणाली, "हे शेरे साऱ्या वर्गात वाचून दाखोते मावशी. कौशल्या म्हने, फळ्यापुढे धान्याची कनगी ठेवली तं फळा कसा दिसीन? तवापासून कनगीच म्हनत होत्या साऱ्या. सकाळी खिडकीशी मी तीन म्हनलं का मागून हसत."

मंजुळाबाईंना ते हसू आठवलं. रोजचंच होतं ते. त्यांना वाटायचं पोरी आनंदात आहेत.

"मंग? म्हनून उपास?"

"मंग काय करू? कमी व्हाव लागन ना मले."

"अवं बयताडे," मंजुळाबाईंचा आवाज चढला, "फळा झाकला जाते तं एक पाऊल बाजूले सरकाव लागते! त्यासाठी पोट कायले कापतं?"

कोकिळा त्यांच्याकडे पाहत राहिली. आठ महिने ती इतिहास, भूगोल, बालमानसशास्त्र वाचत होती आणि हे एवढं तिच्या डोक्यात आलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ओठ हसण्यासाठी हललेही. पण डोळे भरून आले.

"तुम्हीच तं म्हनत होत्या मावशी. याले सत्व म्हंते. पह्यले मले पाहून साऱ्या हसत. उपास धरला तं तुम्ही नाव घेतलं, मंग मोठ्या बाईनं प्रार्थनेत घेतलं, टाळ्या पडल्या. मले वाटलं, झालं. आता हसनार नाई कोनी." ती मनगटाकडे बघत बोलत होती. "आता मले खाव वाटलं तरी घास खाली उतरत नाई. भूक कुठी गेली कोन जाने."

मंजुळाबाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांनी मेथी बाजूला सारली आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीचे मणके हाताला लागले.

कॉलेजच्या ऑफिसात मंजुळाबाई कधीच गेल्या नव्हत्या. निरोप असला तर त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सांगत. त्या दिवशी त्या आत गेल्या, वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आपण काय बोललो तेही, एकही शब्द न वगळता.

विमलबाईंनी पान उघडून स्वतःचं अक्षर वाचलं. दोनदा वाचलं.

"मी फळ्याबद्दल लिहिलं होतं, मंजुळाबाई."

"हाव बाई. तुम्ही फळ्याचं लिह्यलं, पोरीनं आंगाचं वाचलं. आन् मले तं लिहिताही येत नाई, म्या तोंडानंच केलं तेवढं."

विमलबाईंनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिल्या. बाहेर पोरींचा पाढे म्हणण्याचा सराव चालला होता.

"बाई, पुढच्या साली हे मास्तरीन होईन," मंजुळाबाईंना आता थांबवेना. "कोन्या तरी गावात एखादी जाडी पोट्टी हिच्या वर्गात येईन, नाई तं एखादी हडकुळी. तिले काय शिकवीन हे? कमी हो म्हनीन का?"

"काय करूया आपण?" विमलबाईंनी विचारलं. प्राचार्यांनी स्वयंपाकीणबाईंना असं विचारणं ही त्या कॉलेजातली पहिली वेळ असावी.

"प्रार्थनेत उपासाचं नाव घेनं बंद करा. आन् उद्यापासून मी खिडकीशी भाकरी सांगू देनार नाई कोनाले. टोपलं पंगतीत ठेवीन. ज्याले लागन त्यानं घ्यावं."

"मोजल्याशिवाय पीठ पुरेल? दिवस कसे आहेत, तुम्ही जाणता."

"मानूस भुकेपुरतंच खाते बाई. माह्या हातची भाकरी मले ठाव हाये. कमी पडली तं माह्यातली देईन."

"तुमच्यातली द्यायची नाही," विमलबाई एकदम करड्या आवाजात म्हणाल्या. "तेच तर चाललंय इथं."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर विमलबाई पुढे आल्या. देशानं मागितलेली सोमवारची रात्र आपण देऊच, म्हणाल्या, पण त्याशिवाय कोण उपास करतं नि कोण किती खातं, याची चर्चा या आवारात होणार नाही. मग थोडं अडखळल्या. त्यांना अडखळताना कुणी पाहिलं नव्हतं. "एका पाठाच्या शेऱ्यात मी चुकीचं लिहिलं. फळ्याबद्दल लिहायचं ते शिक्षिकेच्या शरीराबद्दल लिहिलं. ते वाक्य मी खोडलं आहे." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. कौशल्या आपल्या पायांकडे बघत उभी राहिली.

स्वयंपाकघरातली भिंत मंजुळाबाईंनी सकाळीच पांढऱ्या मातीनं सारवून टाकली होती. दुपारी पंगत बसली तेव्हा टोपलं मधोमध आलं आणि त्यामागून मंजुळाबाई स्वतःची ताटली घेऊन आल्या. पोरी बघतच राहिल्या. बारा वर्षं मंजुळाबाई सगळ्यांच्या मागून, चुलीपुढे, उरलेलं, गार झालेलं जेवत आल्या होत्या. तोही त्यांचा एक तोराच होता. आज त्या कोकिळाच्या समोर मांडी घालून बसल्या.

"मावशी, तुम्ही?"

"काऊन? मले पोट नाई का?" त्यांनी एक भाकरी मोडून अर्धी तिच्या ताटात ठेवली, अर्धी आपल्या. "तू घास घेशीन तं मी घेईन. नाई घेतला तं दोघीही बसू. मले काई घाई नाई, भांडे तुम्हीच घासनार हा आज."

पोरी हसल्या. या वेळी कोकिळाही हसली. तिनं घास घेतला, बराच वेळ चावत राहिली, गिळला. मंजुळाबाईंनी आपला घास उचलला. भाकरी ऊन होती. ऊन भाकरी कशी लागते, हे त्या विसरूनच गेल्या होत्या, आणि ते आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

एका दिवसात काही झालं नाही. विमलबाई तिला स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या; डॉक्टरांनी थोडं थोडं, पण रोज खा, असं बजावलं. कधी ती अर्ध्या भाकरीवर उठायची, कधी चतकोरावर. एकदा ताटावरून उठून न्हाणीत जाऊन रडली. मंजुळाबाई दाराबाहेर बसून राहिल्या, पण आत गेल्या नाहीत. कौशल्यानं एका दुपारी ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "ते नाव म्याच काढलं होतं." कोकिळा म्हणाली, "मले माहीत हाये," आणि ठेचा घेतला. गुरुवारचे उपास एकेक करून सुटले, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पीठ पुरलं. मोजायचं सोडलं त्या महिन्यात मागच्यापेक्षा काही फार जास्त लागलं नाही, हे मंजुळाबाईंनी मोठ्या बाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं.

मार्चात वार्षिक पाठाची परीक्षा आली. जवळच्या खेड्यातली शाळा, सकाळची वेळ, बाहेरून आलेले परीक्षक. वर्गखोल्या दोनच, त्यामुळे तिसरीचा वर्ग अंगणात भरला. मंजुळाबाई शिदोरीचं टोपलं घेऊन बैलगाडीत पोरींबरोबर गेल्या. तशी गरज नव्हती, पण त्यांना कोण अडवणार?

प्रत्येकीच्या हातात काही ना काही होतं. तक्ते, मातीची फळं, पुठ्ठ्याचं घड्याळ. साधनाशिवाय पाठ म्हणजे गुण गेलेच. कोकिळाच्या हातात खडू तेवढा होता.

"कोकिळा, तुझं साधन?" विमलबाईंनी काळजीनं विचारलं.

"हाये बाई," ती म्हणाली, आणि लगेच सुधारून, "आहे."

पाठ दिशांचा होता. अंगणात पोरं पूर्वेला तोंड करून बसली होती, डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून सगळी कपाळाला हात लावून. फळा लाकडी घोडीवर उभा होता. कोकिळानं चार दिशांची नावं लिहिली, आणि लिहून झाल्यावर एक पाऊल बाजूला सरकली. कडुनिंबाखाली उभ्या मंजुळाबाईंनी पदर तोंडात धरला.

"आता सांगा, पूर्व कोणती?"

"सूर्य निघते तिकडची!"

"मग पश्चिम कशी ओळखायची? साधन मी बरोबर आणलं आहे. माझ्या पायांपासून बघत या." ती दोन्ही पाय रोवून, दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली. तिच्या पाठीमागून ऊन येत होतं आणि सावली लांबच लांब, पार चौथ्या ओळीपर्यंत पोरांच्या अंगावर पडली होती. "ही माझी सावली. मी मोठी आहे ना, म्हणून सगळ्यात मागे बसलेल्यांनाही दिसते. दिसते ना मागे?"

"दिसते!" मागून आरोळी आली.

"सूर्य पूर्वेला, मग सावली कुठं पडली?"

"पश्चिमेले!"

परीक्षकांनी वहीतून मान वर केली. कोकिळा हात खाली घेऊन फळ्याकडे वळणार, तोच पहिल्या ओळीतली एक शेंबडी पोरगी ओरडली,

"बाई, हलू नका ना! ऊन लागते."

तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. पहिल्या दोन ओळींतली सात-आठ पोरं केव्हाच सरकत सरकत त्या सावलीत येऊन दाटीवाटीनं बसली होती आणि कपाळावरचे हात त्यांनी खाली घेतले होते. कोकिळानं खाली पाहिलं. पुढचे सगळे प्रश्न तिनं तिथेच उभं राहून विचारले.

परीक्षकांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मंजुळाबाईंना वाचता येणार नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या, तेवढं त्यांनी पाहिलं. त्यांच्या मनात आलं, या क्षणी तो दुसरबीडचा बाप इथं हवा होता. बारा वर्षं थापलेली एकूण एक भाकरी आज उभी राहून शिकवत होती, असं त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं, छे, आपलं काय त्यात? पोरगीच उभी होती.

घंटा झाली. पोरं उठली. कोकिळा खडूचे हात झटकत अंगणातून तरातरा निंबाकडे आली. परीक्षक जवळच उभे होते, विमलबाई उभ्या होत्या, कौशल्या आणि साऱ्या पोरी उभ्या होत्या. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. जूनमधल्या त्याच मोकळ्या आवाजात म्हणाली,

"मावशी, भूक लागली."

मंजुळाबाईंनी टोपल्यावरचं फडकं काढलं आणि टोपलं तिच्या पुढ्यात सरकवलं. किती घेतल्या, ते त्यांनी मोजलं नाही.